चाकूर ते लोकसभेची खुर्ची

नववीच्या वर्गात संसदेचा पाठ चालू होता. एका मुलीने विचारले, "सर, अध्यक्ष चर्चेत बोलतच नाहीत, मग ते आपल्या काय कामाचे?" उत्तर शोधताना मला आपल्या बीडच्या शेजारचे चाकूर आठवले.

लातूर जिल्ह्यातल्या या गावी १९३५ साली शिवराज पाटील जन्मले. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठात विज्ञान आणि मुंबईत कायदा शिकून ते लातूरचे नगराध्यक्ष झाले, मग काँग्रेसचे आमदार. १९७८-७९ मध्ये ते विधानसभेचे अध्यक्ष होते. १९८० पासून लातूरने त्यांना सलग सात वेळा लोकसभेत पाठवले. जुलै १९९१ ते मे १९९६ ते लोकसभेचे अध्यक्ष होते.

याच काळात ६ डिसेंबर १९९२ आला. बाबरी मशीद पाडली गेली. त्याच महिन्यात वाजपेयींनी सरकारविरुद्ध अविश्वास ठराव मांडला. ज्यांचे मन जखमी होते आणि ज्यांना त्या घटनेचा अभिमान होता, दोघेही एकाच सभागृहात बसले होते. खुर्चीला दोघांनाही वेळ द्यायचा होता. मशीद वाचवणे अध्यक्षांच्या हातात नव्हते. संविधानाच्या कलम १०० प्रमाणे समसमान मते पडल्याशिवाय त्यांना मतदेखील नसते. हातात असते ते एवढेच, की संख्येने कमी असलेल्याचा आवाज दाबला जाऊ नये आणि तो नोंदीत राहावा.

१९९३ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत खात्यांशी निगडित १७ स्थायी समित्या सुरू झाल्या. त्यामुळे लहान पक्षाच्या खासदारालाही समितीत बसून खात्याच्या अधिकाऱ्यांना जाब विचारता येऊ लागला.

पण आपल्याकडे अध्यक्षालाही पुढची निवडणूक पक्षाच्या तिकिटावरच लढवावी लागते. आयर्लंडमध्ये मात्र मावळता अध्यक्ष निवृत्त होत नसेल, तर तो बिनविरोध निवडून आला असे मानले जाते. पाटील २००४ मध्ये लातूरमधून हरले, तरी पक्षाने त्यांना गृहमंत्री केले. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे खुर्चीवर निःपक्ष राहायचे आणि खाली उतरताच पुन्हा पक्षाचे व्हायचे. अशा वेळी सारा भरवसा एका माणसाच्या स्वभावावर ठेवावा लागतो. आपल्यासारख्या संख्येने कमी असलेल्यांना हा भरवसा पुरत नाही.

मी त्या मुलीला म्हणालो, "बेटा, अध्यक्ष आपल्या बाजूने बोलायला नसतात. आपल्या माणसाला बोलू द्यायला असतात. ते नीट होते की नाही, यावर नजर ठेवणे आपले काम."