मोट, बळद आणि ट्रॅक्टरमधला उंदीर

मृगाचा पहिला चांगला पाऊस पडून गेला आणि दोन दिवसांनी सकाळी सहालाच पुतण्याचा फोन आला. "काका, ट्रॅक्टर चालूच होईना. मागं बघितला तेव्हा चांगला होता." मागं म्हणजे कधी, असं विचारल्यावर कळलं की एप्रिलमध्ये! नांगरट आटोपल्यावर ट्रॅक्टर शेडमध्ये लावला, शेजारी सोयाबीनची पोती रचली, वर कडबा टाकला आणि सगळे लग्नसराईत गुंतले.

मिस्त्री आला. त्यानं बॉनेट उचललं तर आत एक टुमदार घर. सुतळीचे धागे, सीटमधला फोम, सोयाबीनची टरफलं आणि मधोमध गुलाबी अंगाची सात पिल्लं. वायरिंगचं तांबं जागोजागी उघडं पडलेलं. एअर क्लीनरचा रबरी पाइपही कुरतडलेला. साडेचार हजारांचा खर्च झाला, पण पैशाचं एवढं नाही. वायरिंग बसवायला दोन दिवस गेले, तेवढ्यात दुसरा पाऊस आला आणि वापसा मोडला. पेरणी आठवडाभर लांबली. शेतकऱ्याच्या घरचा माणूस असेल त्याला हे काय दुखणं आहे ते सांगायला नको.

पुतण्या संतापून बाजारातून विषाच्या पुड्या घेऊन आला. सगळ्या शेडभर टाकणार होता. मी म्हटलं, "थांब जरा. आधी तुझ्या आजोबांची गोष्ट ऐक."

तर मंडळी, ती गोष्ट तुम्हालाही सांगतो.

आमच्या विहिरीवर इंजिन येण्याआधी चामड्याची मोट होती. मोट, नाडा, सोंदूर म्हणजे त्या काळचं आमचं यंत्रच. पावसाळ्यात मोटेला काम नसे. चामडं आणि ताग, दोन्ही उंदराच्या आवडीचं. वडील मोट धुऊन वाळवत, करंजीचं तेल चोळत आणि आढ्याला मधोमध टांगून ठेवत, भिंतीपासून हातभर लांब. टांगायच्या दोरात फुटक्या घागरीचा गोल तळ भोक पाडून ओवलेला असे. उंदीर दोरावरून उतरायला लागला की त्या खापरावर येऊन अडायचा. पुढे कितीतरी वर्षांनी मुंबईच्या बंदरात जहाजाच्या दोरांवर पत्र्याच्या गोल तबकड्या लावलेल्या पाहिल्या. कशासाठी म्हणून विचारलं, तर उंदीर चढू-उतरू नयेत म्हणून! आमचे वडील चौथी शिकलेले. त्यांनी बंदर कधी पाहिलं नव्हतं.

धान्याचीही तशीच व्यवस्था होती. जुन्या माळवदाच्या घरात भिंतीच्या पोटात बळद असायचं. जास्तीची ज्वारी पेवात जायची. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, कडब्यानं अस्तर लावलेला खड्डा. तोंड मातीनं बंद केलं की आतली हवा ज्वारीच्याच श्वासानं संपून जायची. मग किडा जगत नसे, की उंदीर. म्हणूनच पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरायचं नाही, असा दंडक होता. तो न पाळल्यानं माणसं गुदमरून गेल्याच्या गोष्टी लहानपणी ऐकल्या आहेत. 'पेव फुटणं' हा वाक्प्रचार मी वर्गात शिकवायचो, पण शेवटच्या काही वर्षांत पेव पाहिलेला एकही विद्यार्थी समोर नसायचा.

बळदात मात्र उंदीर यायचेच. दगडमातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती, त्यात बिळंच बिळं. आजी सांगायची, "उंदीर पडला की माणसानं घरात थांबू नये." पडला म्हणजे आपणहून मरून पडला. तिच्या लहानपणी असं झालं की अख्खं गाव शेतात झोपड्या घालून राहायला जायचं. प्लेगच्या साथीचे ते दिवस.

हा प्लेग आपल्याकडे आला तो मुंबईमार्गे. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात तो पहिल्यांदा ओळखला. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याच्या वखारींची वस्ती. जिथं साठा, तिथं उंदीर! पण उंदरावरची पिसू हा रोग माणसात आणते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. तोवर सरकारला उंदरापेक्षा माणसाचाच संशय जास्त. पुण्यात घरात शिरून झडत्या झाल्या, सामान जाळलं गेलं, माणसं उचलून छावण्यांत टाकली गेली. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, त्या या रागातून. आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. दर वर्षी ३ जानेवारीला त्यांच्या जयंतीला हा प्रसंग मी वर्गात सांगत असे. सांगताना माझा आवाज भरून यायचा.

आता पुढचं सांगायला जरा अवघड आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेत गाडली गेली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. ज्या जाड भिंती आम्हाला ऊन-पावसात सांभाळत होत्या, त्याच अंगावर आल्या. आमच्या कळंबला एवढं नुकसान झालं नाही, पण पुढे कित्येक महिने मराठवाड्यातली माणसं घरात निजायला धजत नव्हती. लोक बाहेर आणि धान्य आत. उंदरांना आणखी काय हवं?

दुसऱ्या वर्षी, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला या गावात प्लेगचे रुग्ण सापडल्याची बातमी आली. भूकंपानंतर सोडलेल्या घरांतलं धान्य खाऊन उंदीर माजले, हे कारण तेव्हा सांगितलं गेलं. पाठोपाठ सुरतेत साथ आली, पन्नासच्या वर माणसं दगावली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. हा प्लेगच होता का, यावर पुढे तज्ज्ञांत बराच वाद झाला. पण आमच्यासाठी तेव्हा तो प्लेगच होता. मांजरा ओलांडली की बीड जिल्हा. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. लोक नाकाला रुमाल बांधून फिरू लागले.

त्या दिवसांत माझ्या वर्गातला एक मुलगा आठवडाभर मामाकडे राहून परत आला. मामाचं गाव बीडकडचं. त्याला साधा ताप होता. वर्गात कुजबुज सुरू झाली. मी त्याला जवळ बोलावलं नाही. लांबूनच सांगितलं, "दप्तर घे आणि घरी जा. बरं वाटलं की ये." तो एकटा चालत गेला. दोन कोस अंतर होतं. त्याला काहीच झालेलं नव्हतं, हिवताप निघाला. पण तो त्या वर्षी शाळेत परत आला नाही. पुढे बापाबरोबर ऊसतोडीला गेला असं कळलं. मी चौकशीला एकदाही गेलो नाही.

त्याच शाळेच्या खोलीत मागच्या कोपऱ्यात खिचडीच्या नव्हे, पण जुन्या कागदांच्या आणि फाटक्या सतरंज्यांच्या ढिगात उंदीर नांदत होते. तो ढीग आम्ही कोणी हलवला नाही. पोराला हाकलणं सोपं होतं, ढीग उपसणं कष्टाचं. एवढं सगळं शिकवून माझ्या हातून हेच झालं. असो.

पुतण्याला मी सगळं सांगितलं नाही, शेवटचं तर नाहीच. एवढंच म्हटलं, "विष टाकलंस तर कुत्रं खाईल, विष खाल्लेला उंदीर घुबड खाईल आणि पोती इथंच राहिली तर महिन्यात नवे उंदीर येतील." उंदराचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडल्यावाचून त्याचं चालत नाही. वायर तो भुकेपोटी खात नाही. दाणा शेजारी आहे आणि बॉनेटखाली अंधार, ऊब, निवांतपणा आहे, म्हणून तो तिथं घर करतो.

मग दोघांनी मिळून शेड उपसली. आधी जमिनीवर पाणी शिंपडलं आणि हातमोजे घातले, कारण उंदराच्या लेंड्या-मुताची धूळ नाकात जाणं बरं नाही. पोती दुसऱ्या खोलीत फळ्यांवर ठेवली, भिंतीपासून हातभर लांब. कडबा बाहेर गंजीत गेला. मळणी यंत्राच्या पोटात अडकलेले दाणे झाडून काढले. लहान उंदीर शिसपेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही शिरतो, म्हणून दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकली आणि भिंतीतली भोकं सिमेंटनं बुजवली. हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी लावली, सायलेन्सरवर डबा पालथा घातला. भिंतीच्या कडेनं सापळे लावले, कारण उंदीर मोकळ्यातून न जाता भिंत धरून चालतो. आणि दर आठवड्याला बॉनेट उघडून आत बघायचं, डबा काढून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचं, असं ठरवलं. बघण्याआधी चालू करायचं नाही. घरट्याचा कचरा तापलेल्या सायलेन्सरपाशी असला तर पेट घेतो.

आमच्या थोरल्या भावाच्या जुन्या ट्रॅक्टरात वायरी अशा होत्याच किती! बॅटरी, स्टार्टर, दिवे, संपलं. आता ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून प्रदूषणाचे नवे नियम आहेत आणि त्यामुळे इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक होत चालला आहे. यंत्र जितकं हुशार, तितका उंदराचा एक चावा महाग.

संध्याकाळी काम संपल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, यात नवीन काहीच नाही की." खरंच नाही. भिंतीपासून हातभर लांब ठेवा, अधूनमधून बघा, एवढंच वडील करत होते. ठेवून विसरलं की उंदराला दिलं, असं ते म्हणायचे.

येताना मी त्या मुलाच्या गावाचा रस्ता कोणाला तरी विचारून घेतला आहे. आता तोही पंचेचाळिशीत असेल. तीस वर्षं झाली. पेरणी आटोपली की जाऊन येईन म्हणतो.