तीन आठवड्यांचा गुरू

उजनीच्या फुगवट्याकाठच्या गावांना पाखरांच्या आवाजाचे अप्रूप नाही. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. आज हिवाळ्यात करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतील उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. नवख्या माणसाला तेथे नुसता कलकलाट ऐकू येतो. रोज पाण्यावर जाणारा मच्छीमार मात्र त्यातला एकेक आवाज वेगळा ओळखतो. फरक कानाचा असतो. म्हणूनच सतराव्या शतकातील एका येशूसंघीय धर्मगुरूची हकिगत आम्हां काठावरच्या माणसांना जवळची वाटते. परक्या देशात पाऊल ठेवताच तेथील लोकांचे, विशेषतः स्त्रियांचे, बोलणे त्यांना पक्ष्यांच्या किलबिलाटासारखे भासले आणि ही भाषा आपल्याला कधी साधेल, ही आशाच त्यांनी सोडून दिली. तो देश म्हणजे आजचा व्हिएतनाम आणि ते धर्मगुरू म्हणजे फादर अलेक्झांद्र द रोद.

आविन्यों नगरीत जन्मलेले फादर रोद १६१९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. त्याच वर्षी 'ख्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात निवर्तले. जन्माने इंग्रज असलेल्या स्टीफन्स यांनी येथील लोकभाषा आत्मसात केल्या, १६१६ साली मराठी ओवीबद्ध पुराण छापून प्रसिद्ध केले आणि कोकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्यांच्या पश्चात १६४० साली रायतूर येथे छापले गेले. अशा या गोव्यात व साष्टीत रोद सुमारे अडीच वर्षे राहिले. लोकांची भाषा आल्यावाचून त्यांच्या अंतःकरणाचे दार उघडत नाही, हा धडा त्या भूमीत तोवर रुजलेला होता.

रोद यांना जावयाचे होते जपानला. परंतु तेथे ख्रिस्ती धर्माचा छळ सुरू असल्याने दारे बंद झाली होती. म्हणून मकाव येथून १६२४ च्या डिसेंबरात त्यांना कोचिनचायनात, म्हणजे मध्य व्हिएतनामात, पाठविण्यात आले. तेथील बहुतेक मिशनरी दुभाष्याच्या तोंडून उपदेश करीत. पोर्तुगीज धर्मगुरू फ्रान्सिस्को द पिना मात्र दुभाष्यावाचून बोलत. त्यांच्या प्रवचनाचा परिणाम रोद यांनी पाहिला आणि पूर्वी रोममध्ये ईशज्ञानाचा अभ्यास ज्या निष्ठेने केला होता, त्याच निष्ठेने ते रोज या भाषेला बसू लागले.

अडचण होती ती सुरांची. व्हिएतनामी भाषेत एकच अक्षर सूर बदलताच अर्थ बदलते. 'मा' हा उच्चार सहा सुरांत केला, तर भूत, आई, पण, थडगे, घोडा आणि भाताचे रोप असे सहा अर्थ निघतात. रोद यांनी एका सहकाऱ्याची गंमत नोंदविली आहे. त्याने स्वयंपाक्याला मासे आणावयास सांगितले आणि टोपली भरून आली ती वांग्यांची! मासा आणि वांगे, दोन्ही शब्द 'का'. चढता सूर मासा, उतरता सूर वांगे. आपल्या मराठीतही 'जग' हा शब्द दुनिया या अर्थाने एक उच्चार घेतो आणि 'तू जग' म्हणताना दुसरा. लिहिताना दोन्ही सारखेच. हा भेद पुस्तकातून नव्हे, कानानेच कळतो.

आणि हा कान रोद यांना दिला कोणी? त्याच देशातील एका लहान मुलाने. मुलाला रोद यांची भाषा येत नव्हती, रोद यांना मुलाची. मधे व्याकरण नव्हते, कोश नव्हता. मुलाने म्हणून दाखवावे, पाद्रींनी उच्चारावे आणि मुलाने पुन्हा दुरुस्त करावे, याखेरीज दुसरी वाट कोणती असणार? तीन आठवड्यांत त्याने त्यांना भाषेतील सारे सूर आणि शब्दांचे उच्चार शिकविले. तेवढ्याच दिवसांत तो स्वतः रोमन अक्षरे वाचावयास, लिहावयास व मिस्साला सेवा करावयास शिकला. पुढे तो धर्मशिक्षक झाला आणि त्याने गुरूचे, की शिष्याचे म्हणावे, रोद हे नाव धारण केले. चार महिन्यांनी रोद पापनिवेदन ऐकू लागले. सहा महिन्यांनी प्रवचन करू लागले.

१६५१ साली रोममध्ये रोद यांचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश आणि आठ दिवसांत विभागलेले धर्मशिक्षणाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पिना, तसेच आमाराल व बार्बोझा या सहकाऱ्यांचे श्रमही त्यामागे होते. रोमन अक्षरांवर सुरांच्या खुणा देणारी ही लिपी पुढे त्या राष्ट्राची लिपी झाली. १९४५ साली स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर सरकारने साक्षरतेची मोहीम उघडली ती याच लिपीतून. आपल्याकडेही 'ख्रिस्तपुराण' रोमन अक्षरांतच छापले गेले होते. पण मराठीने आपली देवनागरी सोडली नाही. दोन भूमींचा इतिहास असा निराळा वळला.

आज व्हिएतनामी शिकविणाऱ्या वर्गांत शिक्षक सुराबरोबर हात वरखाली नेतात, विद्यार्थी जोडीने सारखे शब्द एकमेकांना ऐकवितात, चुकीचा सूर लागला की वर्ग हसतो आणि तोच शब्द पुन्हा म्हणतो. पद्धत नवी म्हणवते. तिचे मूळ मात्र त्या मुलाच्या तीन आठवड्यांत दिसते.

कोशाच्या मुखपृष्ठावर त्या मुलाचे नाव नाही. ही उणीव आम्हांला बोचते. आजही केरळातून, मंगळूरहून धर्मगुरू आणि धर्मभगिनी महाराष्ट्रातील खेड्यांत येतात. त्यांचा 'ळ' अडखळला, 'च' निसटला, की आपण तोंड फिरवून हसतो. आमच्या काठावर 'पाणी'चे 'पानी' सर्रास होते, हे तेव्हा आम्ही विसरतो. धर्मग्रामातील कुटुंबांनी अशा पाहुण्यांना आपल्या ओसरीवर बसवावे, घरातल्या लेकरांना त्यांच्याशी बोलू द्यावे. लेकरे न लाजता चूक दाखवितात आणि न कंटाळता पुन्हा सांगतात. शब्द त्यांच्या तोंडून शिकलेला धर्मगुरू वेदीवरून बोलेल, तेव्हा आपल्या आजीलाही तो परका वाटणार नाही.