न शोधलेला सोमल : बांगलादेशातल्या हापशांची गोष्ट

भूजलाचा इतिहास म्हटलं की आपण विहिरी, बारव, दुष्काळ यांच्याबद्दल बोलतो. आज आपण पाण्याच्या नमुन्याचा इतिहास पाहू, आणि त्यासाठी बांगलादेशात जाऊ.

१९७० च्या दशकात तिथे सरकारनं आणि युनिसेफनं गावोगाव हापसे बसवायला घेतले. लोक तळ्याचं, नदीचं पाणी पीत आणि हगवण-पटकीनं लहान मुलं दगावत. जमिनीखालचं पाणी त्या मानानं जंतूंपासून सुरक्षित. शिवाय हापसा बसवणं सोपं. आपल्याकडे काळ्या कातळात बोअर मारायला यंत्र आणावं लागतं. तिथे सगळा नद्यांचा गाळ. बांबूची परांची बांधायची, नळ खालीवर हलवायचा, वर बसलेल्यानं नळाच्या तोंडावर तळहात ठेवायचा आणि काढायचा. चिखल आपोआप वर येतो, नळ खाली उतरतो. पुढे लोकांनी स्वतःच्या खर्चानंही लाखो हापसे घेतले.

पण त्या गाळातल्या लोहाच्या संयुगांना आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, चिकटलेला होता. खोलवर जिथे हवा पोचत नाही, तिथे ही संयुगं विरघळतात आणि सोमल पाण्यात उतरतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. काही वर्षांनी कातडीवर डाग उठतात, तळहात-तळपाय खरखरीत होतात, पुढे कर्करोगही होतो. १९८३ मध्ये कोलकात्यात त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधले असे रुग्ण ओळखले. सीमेपलीकडे, चापाई नवाबगंज इथे, पाण्यातल्या सोमलाची खात्री झाली ती १९९३ मध्ये.

आता मधलं वर्ष बघा. १९९२ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेनं बांगलादेशातल्या सुमारे १५० कूपनलिकांच्या पाण्याचा अहवाल दिला. बरीच मूलद्रव्यं तपासली होती, पण यादीत आर्सेनिक नव्हतं. पुढे एका बांगलादेशी रुग्णानं इंग्लंडच्या कोर्टात दावा लावला. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तो फेटाळला. अहवालात पाणी पिण्यास सुरक्षित आहे असं म्हटलेलं नव्हतं, आणि त्या गावकऱ्याप्रती सर्वेक्षकांची कायदेशीर जबाबदारी बनत नाही, असा निकालाचा आशय. कायद्यानं प्रश्न मिटला असेल. पण अहवाल जिथे गप्प असतो, तिथे वाचणारा ‘काही धोका नाही’ असं समजून चालतो, हे आपण विसरू नये.

आणि यादीत नाव घातलं तरी काम संपत नाही. असं पाणी बाटलीत भरलं की त्याला हवा लागते. विरघळलेलं लोह गंजून तळाशी बसतं आणि जाताना सोमलालाही घेऊन जातं. वरचं पाणी तपासलं तर आकडा कमी येतो! म्हणून नमुना जागेवरच बारीक गाळणीतून गाळतात, त्यात थोडं नायट्रिक आम्ल टाकतात, आणि बाटलीवर ठिकाण, खोली, तारीख लिहितात. निरीक्षण विहिरीत जाळीचा नळ ठरलेल्या थरासमोरच ठेवतात, भोवती वाळू-खडी भरतात आणि वर बेंटोनाइट मातीचं बूच मारतात. तसं केलं नाही तर वरच्या थराचं पाणी नळाच्या कडेनं खाली झिरपतं, आणि आपण नेमकं कुठलं पाणी तपासलं ते कळत नाही. नमुना घेण्याआधी नळात साचलेलं पाणी उपसून टाकतात, तेही याच कारणासाठी.

खोली किती महत्त्वाची, ते पुढच्या सर्वेक्षणानं दाखवलं. १९९८-९९ मध्ये त्याच ब्रिटिश संस्थेनं बांगलादेश सरकारबरोबर ६४ पैकी ६१ जिल्ह्यांतल्या ३,५३४ कूपनलिका तपासल्या. १५० मीटरपेक्षा उथळ नळांपैकी २७ टक्क्यांत सोमल लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम या देशी मर्यादेपेक्षा जास्त निघाला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर १० आहे. खोल नळांत मात्र हे प्रमाण जेमतेम एक टक्का होतं. नंतर सुमारे ५० लाख हापसे तपासून त्यांची तोंडं रंगवली : हिरवा म्हणजे प्या, लाल म्हणजे पिऊ नका. सुमारे १४ लाख लाल निघाले.

लाल हापशाच्या शेजारच्या अंगणात हिरवा असू शकतो. म्हणून एकाच्या नमुन्यावरून गावाचा निकाल लावता येत नाही. प्रत्येक तोंड तपासावं लागतं, आणि रंग उडाला की पुन्हा तपासावं लागतं. आपल्या गावात पाण्याचा तपासणी अहवाल हाती आला, तर आकड्यांआधी आपण दोन गोष्टी विचारू : काय काय तपासलं, आणि काय तपासलंच नाही?

इथे थांबू. तुमचे प्रश्न जरूर विचारा.