नदीकाठची गावं, तांब्याचा पत्रा आणि सातारचे पारसनीस

गेल्या शनिवारी आटपाडीहून पुण्याला परतताना वाट जरा वाकडी करून औंधला गेलो. आमची आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती. त्यामुळे यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय म्हणजे तसं घरचंच. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे आणि जमवायचेही. १९३८ मध्ये त्यांनी या संग्रहासाठी खास इमारत बांधली. रविवर्म्यापासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत काय काय आहे तिथे!

बाहेर पायरीवर बसलो आणि एक जुनाच किडा पुन्हा वळवळला. बनारसच्या घाटांची दोनशे वर्षांपूर्वीची छापील चित्रं ढिगाने मिळतात. मग आपल्या वाईची, कऱ्हाडची का नाहीत?

थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरले. गंगेच्या काठाकाठाने वर जात त्यांनी रेखाटनं केली आणि १७९५ ते १८०८ या काळात लंडनमध्ये १४४ चित्रं छापली. त्यात दशाश्वमेध घाट आहे. वेरूळची लेणीही आहेत, पण ती जेम्स वेल्स या पुण्यात राहिलेल्या चित्रकाराच्या रेखाटनांवरून. वाई, कऱ्हाड मात्र नाही. पुढे बनारसच्या टांकसाळीत नोकरी करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने (होय, ब्राह्मी लिपी वाचणारा तोच!) १८३० पासून त्या शहराची शिळाछापाची चित्रमालिकाच काढली. आपल्या बाजूचं म्हणाल तर कॅप्टन ग्रिंडलेच्या १८२६-३० च्या संग्रहात कऱ्हेकाठचं सासवड तेवढं आहे.

माझ्या मते कारण साधं आहे. गंगेत होडी चालते, चित्रकार सामानसुमानासकट आरामात फिरतो. आपल्याकडे कृष्णा वरच्या अंगाला उथळ, खडकाळ. शिवाय १८१८ पर्यंत इथे पेशवाई. आणि इंग्रजांचं बस्तान बसेपर्यंत फोटोग्राफीच आली (१८३९).

आता ही चित्रं छापायचे कशी, ते बघा. इंजिनिअर असल्यामुळे मला यात जरा जास्तच रस :-) तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरायची आणि पत्रा तापवायचा, म्हणजे कण चिकटतात. मग आम्लात बुडवायचा. कणांच्या मधलं तांबं खाल्लं जातं. जितका जास्त वेळ आम्लात, तितकी छटा गडद. जिथे पांढरं ठेवायचं तिथे आधीच वॉर्निश. मग शाई भरायची, वरची पुसायची, ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा आणि शेवटी हाताने रंग भरायचे. पत्रा हळूहळू झिजतो, म्हणून आधीच्या प्रती जास्त ठसठशीत.

थोडक्यात, एका पत्र्याच्या अनेक प्रती. एक जळली, एकीला वाळवी लागली, तरी कुठेतरी दुसरी शिल्लक असते. आमच्या भाषेत, बनारसचा बॅकअप आहे.

आपल्या गावांचा बॅकअप कोण? तर कुणा एका हट्टी माणसाचं कपाट!

साताऱ्याचे रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०-१९२६) हा असाच माणूस. जुने कागद, नकाशे, चित्रं मिळतील तिथून मिळवायचे. वाईजवळ कृष्णेकाठी मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्यातलं दप्तर त्यांनी हाती घेतलं आणि 'इतिहाससंग्रह' मासिकातून कागदामागून कागद छापत गेले. म्हणजे तांब्याचा पत्रा नव्हता, तर त्यांनी शिशाचे खिळे वापरले. १९२५ मध्ये साताऱ्यात त्यांच्या संग्रहाचं संग्रहालय झालं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. १९३९ मध्ये हा सगळा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता. साताऱ्याची वस्तू साताऱ्यात का नको? आता तसं ठामपणे म्हणवत नाही. पुण्यात अभ्यासक आहेत, कागद हाताळले जातात. औंधचा संग्रह औंधातच राहिला याचा अभिमान आहे, पण शनिवारी दुपारी तिथल्या दालनात माझ्यासकट चौघंच होतो. गावात राहिलेली वस्तू बघायला कुणी गेलंच नाही, तर ती राहिली असं म्हणायचं का?

आणि राग धरायचा मला अधिकार तरी काय? आटपाडीचं आमचं जुनं धाब्याचं घर पाडलं तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. माडीवर आजोबांची एक ट्रंक होती. संस्थानच्या काळातले कागद, दोन-तीन फोटो. एका फोटोत माणगंगेला पूर आलेला होता, असं आई सांगते. मी तो पाहिलेला नाही. ट्रंक रद्दीत गेली. "काय आहे त्यात?" एवढंसुद्धा मी विचारलं नाही. परीक्षा होती म्हणे माझी!

टेंभू योजनेमुळे आज कृष्णेचं पाणी उचलून थेट आटपाडी तालुक्यात येतं. आजोबांना हे खरं वाटलं नसतं. परवा निघायच्या आधी माणगंगेच्या पात्राचे चार फोटो काढले. पुण्यात आल्यावर छापून घेतले आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने जागा आणि तारीख लिहिली. एक संच माझ्याकडे, एक आईकडे, एक चुलतभावाकडे.

तीन प्रती. डॅनियलइतक्या नाहीत, पण सुरुवात म्हणून ठीक आहे. तुमच्या घरातही एखादी ट्रंक असेलच. रद्दीवाला यायच्या आधी एकदा उघडून बघा.