लाखोळीची डाळ आणि लुळे पाय

१८२९ साली सागर-नर्मदा प्रदेशातील काही गावांचा गहू गारपिटीने गेला. १८३० साली पाऊस अपुरा पडला, तर १८३१ साली पिकावर रोग पडला. शेतात तग धरून राहिली ती फक्त खेसारी, म्हणजे आपल्या विदर्भातली लाखोळी. लोकांनी तीच खाल्ली. १८३३ पासून तिशीच्या आतली माणसे कमरेखाली लुळी पडू लागली, अशी नोंद स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने केली आहे.

कारण कळायला पुढे १३० वर्षे लागली. १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी लाखोळीच्या दाण्यांतून ओडॅप हे अमिनो आम्ल वेगळे केले. ते चेतापेशींना घातक असते. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून पाणी ओतून दिले, की ते बरेच कमी होते. पण दुष्काळात पाणी आणि सरपण आणायचे कुठून?

इतर धान्यांबरोबर अधूनमधून खाल्लेली थोडी लाखोळी सहसा बाधत नाही. महिनोन्‌महिने तिच्यावरच गुजराण झाली की रोग होतो. म्हणून आम्हांला वाटते, वर्गात ‘लाखोळी विषारी असते’ एवढेच सांगून थांबू नये. तिच्यावरच जगण्याची वेळ कोणावर आणि का येते, हेही मुलांना विचारावे.