आवडीचे माप आणि चित्रपटाचे मोल

इंद्रायणीच्या काठचे देहू, त्याजवळचा भंडाऱ्याचा डोंगर आणि चाकणच्या बाजूचा भामचंद्राचा डोंगर ही तुकोबांच्या चरित्रातील प्रसिद्ध स्थळे होत. या टापूचे रूप गेल्या काही दशकांत पार पालटले आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यामागून मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. पुढे चाकणच्या माळावरही कारखान्यांचे पत्रे चमकू लागले. मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि परप्रांत येथून आलेली माणसे एका पाळीत शेजारी शेजारी काम करू लागली. अशा वस्तीत एखादा चित्रपट लागला म्हणजे एकाच बाकावरून उठलेल्या चौघांची चार मते ऐकू येतात. एकास जे अमृत वाटते ते दुसऱ्यास केवळ पाणी वाटते. मग चित्रपटाचे खरे मोल ठरवावे कोणी आणि कोणत्या मापाने?

या प्रश्नाचे उत्तर शोधू पाहणाऱ्याने दूर जाण्याचे कारण नाही. त्याच देहूच्या वाण्यावर निघालेल्या एका चित्रपटाचा इतिहास पाहिला तरी पुरे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरास स्थापन झाली आणि १९३३ साली पुण्यास आली. तेथे विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल या जोडीने ‘संत तुकाराम’ हा बोलपट तयार केला आणि तो १९३६ च्या डिसेंबरात मुंबईस प्रकाशित झाला. यातील गोष्ट अशी की, आवडीनिवडीचा झगडा चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच सुरू झाला होता. तुकोबांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांचे नाव पुढे आले, तेव्हा त्यावर एकमत नव्हते. पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून गाजलेले नट होते. त्यांच्या हावभावांतील तो मृदुपणा वैराग्यमूर्ती तुकोबांना कितपत शोभेल, ही शंका घेतली गेली. शंका प्रामाणिक होती. तथापि पडद्यावर तोच मृदुपणा भक्ताची नम्रता होऊन प्रकट झाला. दोष म्हणून जे मोजले गेले होते तेच गुणांच्या पारड्यात जाऊन बसले. पागनीसांचा चेहरा हाच पुढे अनेकांच्या मनात तुकोबांचा चेहरा होऊन राहिला.

मुंबईच्या एकाच चित्रपटगृहात हा बोलपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. परंतु सर्वांस तो आवडला म्हणजे सर्वांस एकाच कारणासाठी आवडला, असे मात्र नव्हे. वारकऱ्याने त्यात आपला पांडुरंग पाहिला. संसारी बायकांना गौरी या नटीने रंगविलेली जिजाई आपली वाटली. कारण नवरा देवाच्या नादी लागला असता चूल पेटवायची कशी, हा तिचा सवाल घरोघरचा होता. सुधारणावादी प्रेक्षकाने सालोमालोच्या रूपाने धर्माच्या नावाखाली चाललेला मत्सर ओळखला. उलट, चिकित्सक बुद्धीच्या माणसास वैकुंठीचे विमान आणि नदीतून वर आलेल्या वह्या हे चमत्कार खटकावेत, हेही स्वाभाविकच होते. पडदा एक, पण त्यासमोर बसलेला प्रत्येक जण आपापले गाठोडे उशाशी घेऊनच बसला होता.

याच चित्रपटातील एका पदाची हकीकत तर मोठी बोधप्रद आहे. बीज, अंकुर आणि वृक्ष यांच्या उपमेने नटलेले ते पद शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी नव्याने रचले. त्याची घडण इतकी अस्सल उतरली की अनेकांनी ते तुकोबांचाच अभंग समजून मस्तकी धरले. आता, ज्याला ते पद तुकोबांचे म्हणून गोड लागले त्याला कर्ता दुसराच आहे असे कळताच ते बेचव लागावे काय? पदातील एक अक्षरही बदललेले नसते. बदललेला असतो तो ऐकणारा. गाण्याचा गोडवा कोणता आणि आपण त्यावर शिंपडलेली साखर कोणती, हे ओळखणे किती कठीण असते ते यावरून ध्यानी येते.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. १९२५ साली बाबुराव पेंटर यांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती करुण कथा होती आणि तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. त्या काळचा प्रेक्षक देवादिकांच्या लीला व ऐतिहासिक पराक्रम पाहण्यास सरावलेला. त्याच्या आवडीच्या चौकटीत हे रोजचे दुःख बसेना. पुढील पिढ्यांच्या अभ्यासकांनी त्याच मूकपटास भारतीय वास्तववादी चित्रपटांचा पूर्वज मानले. परंतु तोवर फार उशीर झाला होता. त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. ज्याची किंमत उशिरा कळली ती वस्तूच हातची गेली.

गुण देण्याची नवी पद्धत निघाली म्हणून हा घोटाळा मिटला, असेही नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या दैनिकात आयरीन थायरर या लेखिकेने १९२८ साली चित्रपटांस तारे देण्याचा प्रघात पाडला. आपल्याकडे मुंबईस १९३५ साली निघालेल्या ‘फिल्मइंडिया’ मासिकातून बाबुराव पटेल यांची लेखणी तळपू लागली. त्यांचे परीक्षण म्हणजे त्यांच्या रागलोभांचाच आरसा असे, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, वाचक त्याची वाट पाहत. लंडनच्या ‘साइट अँड साउंड’ या नियतकालिकाने जगातील सर्वोत्तम चित्रपटाविषयी दर दहा वर्षांनी जाणकारांचा कौल घेण्यास १९५२ साली आरंभ केला. पहिल्या कौलात ‘बायसिकल थीव्हज’ अग्रस्थानी होता. १९६२ पासून पुढील पाच कौलांत तो मान ‘सिटिझन केन’ने राखला. २०१२ साली ‘व्हर्टिगो’ आणि २०२२ साली शांताल आकेरमन या बाईंचा ‘जान दिएलमन’ पुढे आला. यांपैकी ‘सिटिझन केन’ १९४१ साली निघालेला असूनही पहिल्या कौलात पहिल्या दहांतसुद्धा नव्हता. चित्रपट तोच राहिला; पाहणारे मात्र पालटले. जाणकारांचीही रुची काळाच्या प्रवाहात सापडलेली असते, ती सामान्यांच्या रुचीहून सर्वस्वी निराळी नसते.

तर मग सारेच आवडीवर सोडून द्यावे काय? तसे केल्यास ‘नावडतीचे मीठ अळणी’ या न्यायाने कोणाही कलावंतास दाद मागण्याची सोय राहणार नाही. येथे दोन वाक्यांतील भेद ओळखला पाहिजे. ‘हा चित्रपट मला रुचला नाही’ हे एक वाक्य, आणि ‘हा चित्रपट वाईट आहे’ हे दुसरे. पहिल्यास पुरावा लागत नाही, दुसऱ्यास लागतो. चमत्कार न मानणाऱ्यानेही जिजाईचा अभिनय, संवादांचा साधेपणा आणि देहूच्या जीवनाचे चित्रण यांस त्यांचे गुण दिलेच पाहिजेत. तसेच भाविकानेही, केवळ विठ्ठलाचे नाव आले म्हणून, कोणत्याही भिकार बोलपटास डोक्यावर घेऊ नये. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘तुकाराम’ हा नवा चित्रपट काढला आणि तुकोबांमधील माणसावर भर दिला. जुन्याच्या प्रेमापायी नव्यास हिणवणे किंवा नव्याच्या भरात जुन्यास भाबडे ठरविणे, हे दोन्ही न्याय एकाच डोळ्याचे होत.

या विवेकाची किंमत काय, हे पुण्यानेच अनुभविले आहे. प्रभातच्या जागेत १९६० साली चित्रपटशिक्षणाची संस्था उभी राहिली आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्या संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी आपली आवड बाजूस ठेवून, थोर वाटणारे व टाकाऊ वाटणारे असे सर्व प्रकारचे चित्रपट जमविण्याचा ध्यास घेतला. आज क्षुद्र दिसणारे उद्या मोलाचे ठरेल, हे त्यांनी जाणले होते. २००३ च्या जानेवारीत पुण्यास आग लागून नायट्रेटच्या जुन्या फिती भस्मसात झाल्या, तेव्हा आधी काढून ठेवलेल्या प्रतींचे महत्त्व सर्वांस कळले.

आवड हा माणसाचा हक्क आहे. तिच्यावर कोणाची सक्ती चालू नये. परंतु आवडीने दिलेला निकाल अंतिम समजून एखादी कृती अडगळीत फेकली गेली, तर पुढील पिढीच्या हातून फेरतपासणीची संधीच जाते. ‘संत तुकाराम’ जगला म्हणून त्यावर आजही चार मते होऊ शकतात. ‘सावकारी पाशा’च्या मूळ प्रतीविषयी मात्र वाद घालण्याचीही सोय उरलेली नाही. आपल्या तराजूवर विश्वास ठेवावा, पण दुसऱ्याच्या तराजूसाठी माल शिल्लक ठेवावा, हाच या इतिहासाचा बोध होय.