गावी परत जाऊ म्हणताना: चाकरमान्यांचा दीडशे वर्षांचा अनुभव



परदेशात चार मराठी घरं जेवायला एकत्र आली की जेवणानंतर एक विषय हमखास निघतो. मुलं कॉलेजला गेली, घराचं कर्ज फिटत आलं, आता हे शहर पुरे झालं; गावी जाऊन राहू. कुणाला आंब्याची बाग हवी असते, कुणाला दोन गाई. एखादा तिथल्या तिथे फोनवर गुंठ्याचा भाव बघायला लागतो. मी आयटीतला माणूस, त्यात एमबीए केलेला. त्यामुळे माझ्याही लॅपटॉपमध्ये असा एक तक्ता आहेच: खर्च, व्याज, आरोग्य विमा, दवाखाना किती दूर, सगळं मांडलेलं. पण या तक्त्यात एक रकाना कुणीच धरत नाही, आणि तो भरायला इतिहासाकडेच जावं लागतं. आजचा भाग त्या रकान्याबद्दल.

शहरात कमवायचं आणि गावी परतायचं, याचा सगळ्यात दांडगा अनुभव मराठी माणसांत कुणाला असेल तर तो कोकणच्या चाकरमान्यांना. आपण 'एनआरआय' हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून ते हेच करत आले आहेत. त्यांचं काय झालं ते बघू.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. कंपनी १८५४ मध्ये निघाली आणि दोन वर्षांत ताडदेवला गिरणी चालू झाली. त्यानंतर गिरण्यांची रांग लागली आणि त्यांना माणसं पुरवण्यात जुना रत्नागिरी जिल्हा सगळ्यात पुढे राहिला. जुना म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईत रत्नागिरीत जन्मलेली दोन लाखांहून जास्त माणसं होती. मुंबईची वस्ती तेव्हा बारा लाखांच्या आत होती, म्हणजे साधारण पाच-सहा माणसांत एक रत्नागिरीचा.

ही माणसं हौसेने गेली नव्हती. डोंगरउतारावरची तुटपुंजी भातशेती, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, आणि बऱ्याच गावांत वर खोत बसलेला. पिकलेल्यातला वाटा त्याला द्यायचा, वर वेठही करायची. शेत वर्षभर पुरत नव्हतं. मग घरातला एक पुरुष बोटीत बसायचा. रेल्वे कोकणात पूर्ण पोहोचली ती थेट १९९८ मध्ये, त्यामुळे कित्येक पिढ्यांचा रस्ता समुद्राचाच होता.

मंडळी, आता बारकाईने ऐका, कारण खरी गंमत इथे आहे. हा माणूस गाव सोडून गेला असं आपण म्हणतो, पण हिशोबाच्या भाषेत त्याने गाव सोडलंच नव्हतं. एकच घर दोन ठिकाणी चालत होतं. भारतात पोस्टाची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली आणि थोड्याच काळात रत्नागिरी हा मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. गिरणगावात गावागावाच्या खोल्या असत. दहा-बारा फुटांच्या एका खोलीत एकाच गावचे, कधी एकाच भावकीतले, वीस-तीस पुरुष. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपायचा. जेवण खानावळीत, आणि ती खानावळ चालवणारी बहुधा गिरणी कामगाराचीच बायको. अशा खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं.

त्याच खोलीत गावचं मंडळ भरायचं. देवळाचं छप्पर, शाळेची खोली, विहीर, पालखीचा खर्च, वर्गणी सगळी तिथे जमायची. कुणी वारलं तर निरोप तिथे यायचा. गणपती आणि शिमग्याला माणूस गावी जायचाच. रजा नाही मिळाली तर नोकरी सोडून गेल्याचीही उदाहरणं आहेत. आपल्याला हा भाबडेपणा वाटेल. पण तो एक प्रकारचा हप्ता होता. दरवर्षी गावात चेहरा दाखवणं, पालखीला खांदा देणं, भावकीच्या भांडणात बसणं, म्हणजे 'माझी जागा धरून ठेवा' असं सांगणं.

आणि ती जागा प्रत्यक्ष धरून ठेवली कुणी? बायकांनी. भाताची लावणी, कापणी, गुरं, म्हातारे सासू-सासरे, पोरांची शाळा, पावसाआधी घराची शाकारणी, हे सगळं गावी राहिलेल्या बाईच्या अंगावर. याची खूण आजही आकड्यांत दिसते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात ११२२. पुरुष कमावायला बाहेर आणि बाया घर राखायला मागे, अशा दीडशे वर्षांचा तो आकडा आहे. चाकरमान्यांवर गाणी आहेत, नाटकं आहेत. उंबरा राखणारीचा उल्लेख त्यात कमीच.

हा हिशोब कामाला आला तो शहराने दार लावलं तेव्हा. एक-दोनदा नाही, अनेकदा.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी तो ओळखला. पुढच्या काही महिन्यांत शहरातली जवळपास अर्धी वस्ती पळाली. गिरण्यांना माणसं मिळेनात. ही लाखो माणसं गेली कुठे? गावी, कारण तिथे कुणीतरी चूल पेटती ठेवली होती. साथ ओसरल्यावर माणसं परत आली.

१९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला. पगार नसताना इतके दिवस माणसं तग धरू शकली यामागे गावच्या तांदळाचा मोठा वाटा होता. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी हाच मुद्दा नीट मांडला आहे: गावाशी नातं ठेवणारा कामगार अर्धवट शहरी होता असं नाही, गाव पाठीशी होतं म्हणून तो मालकासमोर उभा राहू शकला.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पहिल्या महिन्यांत कितीतरी जण कोकणात, घाटावर आपापल्या गावी जाऊन राहिले. पण या वेळी गिरणीनेच पाठ फिरवली. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही आणि लाखाहून अधिक कामगारांना नोकरी परत मिळाली नाही. गावी परतणं आता मुक्काम नव्हता, कायमचं होतं. आणि मुळातला प्रश्न पुन्हा पुढे आला: शेत वर्षभर पुरत असतं तर माणूस मुंबईला गेला कशाला असता? मनीऑर्डर थांबली आणि खाणारं एक तोंड वाढलं. गावाने घरात घेतलं, पण पोसायची ताकद गावात नव्हती. गाव आसरा देतं, उत्पन्न देईलच असं नाही, हा १९८२ चा धडा आपल्या तक्त्यात ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यासारखा आहे.

२०२० चं तर आपण सगळ्यांनी पाहिलं. टाळेबंदीत चाकरमानी निघाले. गावच्या शाळांमध्ये विलगीकरण झालं. काही ठिकाणी 'येऊ नका' असंही ऐकावं लागलं. तरी ज्यांचं घर उघडं होतं, ज्यांची भावकी बोलत होती, ते आत गेले.

इथे थोडं थांबू, कारण 'गाव' हा शब्द सगळ्या मराठी माणसांना सारखाच गोड लागत नाही. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, याच चाकरमान्यांच्या मुलखातलं. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडलं. आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बोलताना त्यांनी गावाच्या गौरवगाथेवर सडकून टीका केली. ज्याला गावात विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्याला मुंबई म्हणजे परागंदा होणं नव्हतं, सुटका होती. शहरही काही निर्मळ नव्हतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून गिरण्यांच्या विणाई खात्यात दलित कामगारांना घेत नसत. तरीही ते शहरातच थांबले. तुमच्या शेजारचं कुटुंब 'आम्हाला नाही जायचं गावी' म्हणालं, तर त्यामागे असा इतिहास असू शकतो.

आता उलटी बाजू: ज्यांचा उंबराच गेला ते. आपल्यापैकी काहींच्या घरात 'आमची जमीन कुळकायद्यात गेली' हे वाक्य अजून ऐकू येतं. कुळकायदा १९४८ चा. १९५६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. खोती त्याआधीच, १९४९ च्या कायद्याने गेली होती. शहरात नोकरीला असलेल्या मालकाला हा अन्याय वाटला. तीन पिढ्या राबलेल्या कुळाला तो न्याय वाटला, आणि माझ्या मते त्याचं म्हणणं जास्त रास्त होतं. पण त्यातून निघणारं सूत्र दोघांनाही लागू आहे: जमीन दूर राहणाऱ्याची राहत नाही, ती कसणाऱ्याकडे जाते.

आजचा कायदा आपल्याबाबत हेच वेगळ्या शब्दांत सांगतो. परदेशस्थ भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक भारतात फ्लॅट घेऊ शकतो, पण शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाही. वारसाने मात्र मिळू शकते. शिवाय महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला वेगळी परवानगी लागते. म्हणजे जेवणानंतर फोनवर गुंठ्याचा भाव बघणाऱ्या आपल्या मित्रासाठी खरेदीचं दार बहुतेक बंदच आहे. उघडं आहे ते नात्याचं.

हेच दुसऱ्या एका मराठी मुलखात दिसतं. खेड, चिपळूण, दापोली, श्रीवर्धन या भागांतली कोकणी मुसलमान कुटुंबं पिढ्यानपिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून गेली, आणि १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला तशी कुवेत, सौदी, दुबईला गेली. आखातात नागरिकत्व मिळत नाही, तेव्हा परतणं गृहीतच. म्हणून घर आधी गावी बांधलं, राहायला नंतर गेले. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आपण नेमकं उलटं केलं: आधी इथला पासपोर्ट, मग इथलं घर, आणि गाव राहिलं आठवणीत.

तर तो न भरलेला रकाना हा: माझ्या वतीने गावचा उंबरा कुणी राखला, आणि त्याचं मी काय देणं लागतो?

उत्तर शोधायचं तर तीन साध्या गोष्टींपासून सुरुवात करता येईल. पहिली, सातबारा काढून बघा. कोकणातल्या उताऱ्यावर तीस-चाळीस नावं सामाईक असणं नवीन नाही. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी वारसनोंद नसते. त्यात आत्या आणि बहिणींची नावं आहेत का तेही बघा, २००५ पासून मुलीचाही वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क आहे. कागदाचं काम वकिलाला विचारूनच करा. दुसरी, जो चुलतभाऊ किंवा जी काकू घराला दरवर्षी रंग आणि कौलं लावते, तिच्याशी पैशांचं स्पष्ट बोला. तुम्ही परत जाणार म्हणजे तिने राखलेल्या घरात जाणार. तिची संमती हा पहिला कागद आहे. तिसरी, डिसेंबरात नाही, जुलैत जाऊन महिनाभर राहा. लावणीच्या दिवसांत, वीज गेलेली असताना, जवळचा डॉक्टर किती लांब आहे हे तेव्हा कळतं.

हे करून कुणी ठरवेल की आपण इथेच बरे. त्यात कमीपणा काहीच नाही. मग तो गुंठा राखणाऱ्याच्या नावावर रीतसर करून द्या, म्हणजे निदान त्याचा जीव टांगणीला राहणार नाही. आणि ज्यांना जायचंच आहे त्यांनी निवृत्तीची वाट बघू नये. चाकरमान्याने हप्ता पहिल्या पगारापासून भरला होता.

तुमच्या घरात मनीऑर्डरची पावती, गावच्या मंडळाचं वर्गणीपुस्तक किंवा गिरणीचं ओळखपत्र जपलेलं असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत या रविवारी गावी एक फोन करा, आणि घराबद्दल विचारण्याआधी घर राखणारीची तब्येत विचारा.

नमस्कार!